टाकीतला तांब्या

सोजर,

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले, उद्या तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. सुनंदाचा फोन आला होता. "मावशी, तुम्ही दोन शब्द बोला," म्हणाली. तुझी लेक शाळेत शिकवते. तिला वाटतं दोन शब्द बोलणं म्हणजे डब्यात दोन पोळ्या घालून देण्याइतकं सोपं. मी हो म्हणाले, फोन ठेवला, आतल्या खोलीत गेले आणि ट्रंकेच्या तळाशी हात घातला. तिथं जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तुझा तांब्या आहे. चाळीस वर्षं आहे. तुला परत दिला नाही. तो हातात द्यायचा म्हणजे त्याच्याबरोबर एक वाक्यही द्यायला लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडातून कधी निघालंच नाही. तू जाईपर्यंत निघालं नाही. उद्या तरी निघेल का, याची धास्ती वाटते म्हणून आज तुला लिहायला बसले.

नात मघाशी डोकावून गेली. "आजी, कुणाला लिहितेस?"

"मैत्रिणीला."

"पत्ता काय तिचा?"

मी म्हटलं, जा, अभ्यास कर.

तुला हे सगळं पाठ आहे. पण सुनंदाला अर्धंच माहीत असेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये तुला हसायचं असेल तिथं हस. तुझं ते पदर तोंडाला लावून हसणं मला आत्ता ऐकू आलं तर बरं होईल.

दूध संस्थेच्या इमारतीला लागून दगडी ओट्यावर ती लोखंडी टाकी होती. बहात्तरच्या दुष्काळाचं बोलणं अजून घराघरात चालू होतं, तेवढ्यात पुन्हा दोन वर्षं पाऊस रुसला. विहिरींचे तळ दिसले. एक दिवसाआड बेंबळीकडून टँकर यायचा आणि संस्थेच्या टाकीत पाणी ओतून जायचा. आत किती पाणी आहे ते बाहेरून कळावं म्हणून साधी सोय होती. आत पत्र्याचा पोकळ गोळा पाण्यावर तरंगायचा. त्याला तार बांधलेली, ती वरच्या दोन कप्प्यांवरून बाहेर आलेली, आणि बाहेरच्या टोकाला लोखंडी काटा. काट्यामागं आठ फुटांचे आकडे रंगवलेली फळी. गोळा वर आला की काटा खाली जायचा, गोळा खाली गेला की काटा वर. म्हणजे भरलेल्या टाकीचा आठ तळाशी आणि रिकाम्या टाकीचं शून्य डोक्यावर. गावात चार गल्ल्या, प्रत्येकीला दोन फूट पाणी. पहिली आमची, शेवटची तुमची.

मी संस्थेच्या चेअरमनची नवी सून. सातवी पास. आकडे वाचता येतात म्हणून मामंजींनी मला फळीखाली उभं केलं. काय तो माझा रुबाब, सोजर! माहेरहून आणलेलं घड्याळ हाताला बांधायची, जे लग्नाच्या मांडवातच बंद पडलं होतं. पहिल्याच दिवशी काटा पार वर टेकलेला बघितला, पदर खोचला आणि ओरडले, "टाकी काठोकाठ हाय गं बायांनो, या!" अख्खी गल्ली घागरी घेऊन धावली. नळ सोडला तर आतून नुसता वारा आला.

चेअरमनच्या सुनेला कोण बोलणार? मागं लांब उभी असलेली एक बाई तेवढी पदर तोंडाला लावून गदगदत होती.

"वैनी, त्ये उलटं असतंय. काटा वर म्हंजी पानी तळाला."

"मला शिकवू नको. मी सातवी झालेय."

"मंग सातवीत उलटं शिकवत न्हाईत वाटतं," तू म्हणालीस.

ही आपली पहिली भेट. तू माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पदरात लेक असलेली. तरी मी पहिल्या शब्दापासून तुला अगंतुगं केलं आणि तू मला अहोजाहो. तेव्हा ते मला दिसलंसुद्धा नाही. पुढं केस पिकल्यावर मी म्हणायला लागले, "अगं, आता तरी मला तू म्हण." तर तू म्हणायचीस, "जिभंला वळण पडलंय वैनी, आता कुठं तोडत बसता." हे भांडण तू अर्धवट टाकून गेलीस. दुसरं फळीचं. मी म्हणायची, आकडे पुसून सरळ लिहू या, लोकांना उलटं वाचता येत नाही. तू म्हणायचीस, आकडे सरळ केले तर काटा खोटा पडंल. मानसानं शिकावं, काट्यानं न्हाय. टाकी भंगारात गेली, संस्था बंद पडली, तरी आपण दोघी त्या फळीवरून भांडत होतो.

आता नको वाटणारं सांगते. त्या उन्हाळ्यात तुमच्या गल्लीची पाळी आली की काटा दोनावर असायचा आणि नळ कोरडा. एकदा झालं, दोनदा झालं. तू मामंजींपुढं येऊन उभी राहिलीस. ते संस्थेच्या पायरीवर तंबाखू मळत होते.

"मामा, काटा दोन दावतोय, पर नळाला थेंब न्हाय."

"मग काटा खोटं बोलतोय का नळ?"

"काटा."

"काटा सोलापूरहून आणलाय. तो कशाला खोटं बोलेल?"

तिथं उभी असलेली माणसं हसली. आणि मी, अक्कल गहाण टाकलेली मी, म्हणाले, "घागरीला भोकं असतील हिच्या." आणखी मोठा हशा झाला. मामंजींनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. सोजर, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ विनोद केले. लोक म्हणतात, म्हातारी मोठी खट्याळ आहे. पण तो एक विनोद अजून घशात अडकलाय. तू रिकामी घागर कडेवर उलटी धरलीस, तळ आमच्याकडं केलास, म्हणजे भोक नाही ते सगळ्यांना दिसावं. आणि गेलीस.

तिसऱ्या वेळी तू भर दुपारी आलीस. गाव दारं लावून पडलेलं. मी संस्थेत दुधाच्या कॅनचा पहारा करत बसले होते, म्हणजे पेंगत होते. तू हाक मारलीस आणि सरळ म्हणालीस, "वैनी, मी वर चढून बघितलं असतं. पर मी चढले तर गावाला त्ये पानी चालायचं न्हाय. तुमी चढला तर चालंल. जरा चढा."

तुझ्या आवाजात ना राग, ना विनवणी. शिडी टेकवून ठेव म्हणावं तसं बोललीस. मला नाही म्हणता आलं नाही. लुगडं सावरत, देवाचं नाव घेत, ओट्यावरून शिडीला लागले. चौथ्या पायरीवर चप्पल निसटून तुझ्या खांद्यावर पडली. "येऊ द्या दुसरी पन," तू खालून म्हणालीस.

झाकण सरकवून आत बघितलं. कप्पी गंजून जाम झालेली. गोळा पाण्यावर नव्हताच, अधांतरी लटकत होता. टाकीच्या तळाशी वीतभर गढूळ पाणी. म्हणजे इतके दिवस वरच्या तीन गल्ल्या काटा हलायची वाट बघत भरत राहिल्या, काटा उशिरानं हलला, आणि शेवटी तो दोनावर थबकला तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं. काट्यानं तुमचं पाणी दाखवलं, आम्ही ते आधीच पिऊन बसलो होतो. आणि फळीखाली उभी राहून आकडे ओरडणारी मी!

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणं शहाणपणा केला. कप्पी सुटावी म्हणून तार हिसडली. गोळा हातात आला आणि चुरा झाला. गंजाच्या पापुद्र्यांशिवाय त्यात काही राहिलंच नव्हतं.

"काय झालं वैनी?"

"मोडलं."

"काय मोडलं?"

"सगळंच."

चारला टँकर येणार होता. मामंजी उठले असते, फळी बघितली असती, आणि मग माझी काही खैर नव्हती. मी खाली येऊन रडायलाच लागले. तू माझ्या तळहातावरचा गंज बोटानं ढवळलास. "रडू नका. माझ्या घरी चला."

तुमच्या वस्तीत मी त्याआधी पाऊल टाकलं नव्हतं. तुझ्या घरात सारवलेली जमीन गार होती. भिंतीवर दोन तसबिरी, त्यांना ताज्या फुलांचा हार. पाणी नसलेल्या वर्षात ती फुलं तू कशी जगवलीस, हे विचारायचं राहिलं. तू फळीवरचे डबे खाली काढलेस, वाजवून बघितलेस, बाजूला ठेवलेस. "पत्रा हाय. पुन्यांदा गंजंल." मग तू थांबलीस आणि चुलीवरच्या कोनाड्यातून पितळी तांब्या काढलास. गोल पोटाचा, लहान तोंडाचा. चिंचेनं घासून लख्ख केलेला. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: भामाबाईकडून चि. सोजर हिस.

"आईनं दिलाय लग्नात. तुळजापूरच्या बाजारातनं. नाव पन तिथंच घालून घेतलं."

"मग हा नको."

"पितळ गंजत न्हाय, वैनी."

नळदुर्गच्या हमरस्त्यावर तुझे वडील ट्रकांचे गळके रेडिएटर कथलानं झाळायचे. झाळकाम तू त्यांच्याकडं बघून शिकलेली. मी कधी बाईच्या हातात कथील आणि नवसागर बघितला नव्हता. डब्याच्या पत्र्याची गोल चकती कापलीस. तांब्यात मूठभर वाळू घातलीस. मी विचारलं, वाळू कशाला? तर म्हणालीस, काट्याहून जड नको का हा, नायतर काटाच ह्याला वर ओढंल. आन् बूड खाली राहाया पायजे. वाळू ओढ्यातली, त्या वर्षी ओढ्यात दुसरं काही नव्हतंच. मग चकती बसवून, तिच्यावर तार अडकवायला कडी ठेवून, कडेनं कथील फिरवलंस. नवसागराचा धूर डोळ्यांत गेला, दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, बघ, दुष्काळात पाणी काढलंस. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या विनोदाला तू हसलीस.

बादलीत बुडवून बुडबुडे येतात का बघितलंस. बुडबुडा आला नाही. मग तांब्या पुसलास, माझ्या कानाशी धरलास आणि हलवलास. "काय ऐकू येतंय?"

"खसखस."

"ती वाळू. ज्या दिशी डुबूक आसं वाजंल, त्या दिशी पानी शिरलं समजा. दर दोन महिन्यानं काढून कानाशी धरायचा. आन् कप्पीला करडीचं तेल."

सायकलच्या ब्रेकची तार घेतली, कप्पी तेलानं मोकळी केली, आणि भर उन्हात मी पुन्हा वर चढले. तो तांब्या टाकीत सोडला तो मी. माझ्या या हातांनी. तू खाली शिडी धरून उभी होतीस. टाकीला तुझं बोटही लागलं नव्हतं.

चारला टँकर आला. पाणी चढत गेलं आणि काटा असा सरसर उतरला, जणू त्याला कुणी लोणी लावलंय. त्या संध्याकाळी शेवटच्या गल्लीला पूर्ण दोन फूट मिळालं. तू दोन घागरी डोईवर घेऊन माझ्यासमोरून गेलीस, माझ्याकडं बघितलं नाहीस. फक्त जाता जाता कानाला बोट लावलंस.

ते बोट पुढं आपलं सगळं बोलणं झालं. बाजारात, संस्थेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, चार माणसांत तू दिसलीस की कानाला बोट लावायचीस. मी दोन महिन्यांनी टाकी बघायला म्हणून चढायची, तांब्या काढून हलवायची, खाली बघून मान हलवायची. गावाला वाटायचं, चेअरमनच्या सुनेला टाकीचं भारी वेड. माझ्या सासूबाई तर म्हणायच्या, हल्ली टाकीच्या पाण्याला काय गोडी आलीय! तुझ्या हाताचं पाणी ज्यांना चालत नव्हतं ते सगळं गाव तुझ्या आईच्या तांब्यातलं पाणी पीत होतं, आणि आपण दोघी शेणी थापता थापता पोट धरून हसत होतो. माझ्या संसारात इतकं हसू त्याआधी नव्हतं. ते तू दिलंस. हे पण कधी सांगितलं नाही.

मग पुढच्या उन्हाळ्यात टाकी रंगवायची ठरली. रंगाऱ्यानं झाकण काढलं, तार ओढली आणि तांब्या वर काढला. उन्हात तो चमकला. रंगारी मजेनं ओरडला, "अरे, टाकीत तांब्या!" आणि मोठ्यानं नाव वाचलं. भामाबाईकडून चि. सोजर हिस.

सोजर, मी तिथं होते. टाकीपासून चार हातांवर. मामंजी आले, माणसं जमली. दूध घालायला आलेली तू रांगेत होतीस, हातात चरवी. मामंजींनी विचारलं, "हा टाकीत कुणी टाकला?"

तू माझ्याकडं बघितलंस. एकदाच. मी खाली बघितलं. मला तेव्हा पाचवा महिना होता. ते मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला कारण म्हणून सांगितलं. ते कारण नव्हतं. मी भ्याले. त्या घरातली माझी जागा, ती फळी, ते बंद घड्याळ, मामंजींची कौतुकाची नजर, एवढ्यासाठी भ्याले.

"मीच चढले व्हते," तू म्हणालीस. "गोळा मोडला व्हता. मी तांब्या बसवला."

टाकीत तेव्हा दोन फूट पाणी होतं. तुमच्या गल्लीचा वाटा, अजून भरायचा राहिलेला. मामंजींनी खालची चावी सोडायला सांगितली. बोटाच्या पेरांनी पाणी मोजणाऱ्या गावानं दोन फूट पाणी धुळीत सोडलं. ते रस्त्यावरून वाहत गेलं, बैलांच्या खुरांच्या खळग्यांत साचलं, तुमच्या बाया चाळीस पावलांवर रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि कुणीही पुढं झालं नाही. मग टाकी घासून घेतली. घासायला आणखी पाणी आणलं. मी सातवी पास, मला आकडे वाचता येत होते. मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुझं दूध संस्थेत घ्यायचं बंद झालं. म्हैस तू पावसाळ्यापर्यंत ओढलीस, मग विकली. तिला नेताना ती मागं वळून हंबरत होती आणि तू दारात उभी होतीस, हे मी आमच्या गच्चीवरून बघितलं. गच्चीवरून, सोजर. खाली उतरायला पंचवीस पायऱ्या होत्या.

तांब्या मामंजींनी संस्थेच्या मागच्या उकिरड्यात फेकला होता. मी तो उचलून आणला आणि लपवला. देईन म्हटलं, चार दिवसांनी. मग बाळंत झाल्यावर. मग बारसं झाल्यावर.

सोलापूरहून नवा गोळा आला. चकचकीत. पाच महिन्यांत त्यात पाणी शिरलं, टाकी भरलेली आणि काटा शून्यावर. मामंजींनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "कुणाकडून तरी झाळून आण." त्यांना माहीत होतं कुणाकडून. मी तो पदराखाली आणि बाळ खांद्यावर घेऊन तुझ्या दारात आले. मनाशी घोकत आले होते, आज सांगायचं, आज पाय धरायचे. तू दार उघडलंस, गोळा हातातून घेतलास, कानाशी धरलास. "डुबूक," म्हणालीस. भोक शोधलंस, पाणी काढलंस, कथील फिरवलंस. बाळाला बघितलंस. त्याच्या टाळूवर तेल बोटभर घातलंस. मी म्हटलं, "येते." तू म्हणालीस, "दोन महिन्यानं बघा." एवढंच.

मला कुणी विचारलं तर मी सांगेन की त्या गावात मला सगळ्यात जास्त कुणी शिकवलं असेल तर तू. आज माझ्या घरातला कुठलाही नळ मीच बसवते. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला मुलानं सेन्सर लावलाय, टाकी भरली की स्वयंपाकघरात हिरवा दिवा लागतो. मागच्या महिन्यात टाकी रिकामी आणि दिवा हिरवा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, नवा घ्या. मी म्हटलं, थांब. वर गेले, सळ्या बाहेर काढल्या, बघते तर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार चढलेला. चिंचेनं घासल्या, पुसल्या, बसवल्या. दिवा सुधारला. तो पोरगा म्हणाला, आजी, हे कुठं शिकलात? मी तुला फोन करायला घेतला. तेव्हा सुनंदानं सांगितलं, आईला दवाखान्यात हलवलंय.

धाराशिवला त्या खाटेवर तू एवढीशी झाली होतीस. सलाईनच्या बाटलीकडं बघत पडली होतीस. मला बघून म्हणालीस, "वैनी, ह्येला काटा न्हाय बगा. संपलं कधी ते कळायचं कसं?" मी म्हटलं, हे सरळ असतं, वर बघायचं, वरनं खाली येतं. "बगा, म्हंजी तुमचीच फळी," म्हणालीस आणि हसलीस. मग खोकला आला. माझ्या पिशवीत तो तांब्या होता. लुगड्यासकट. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते.

तू बराच वेळ पिशवीकडं बघितलंस.

"काय तरी बोलायला आलाव न्हवं?"

"न्हाय गं. सहज."

तू कानाला बोट लावलंस. मी उठले, पिशवी घेतली, तुझ्या कपाळावरचे केस मागं सारले आणि बस पकडली. पुढच्या दोन दिवसांत तू गेलीस.

तुला आठवतं, सासूबाई गेल्यानंतर तू माझ्या ओसरीवर येऊन पाणी प्यायला लागलीस? मी स्टीलच्या ग्लासात द्यायची. तू प्यायचीस आणि म्हणायचीस, "तांब्यातलं पानी गार असतंय, वैनी." मी म्हणायची, फ्रीजमधलं आणू का? तू म्हणायचीस, राहू द्या. मी किती हुशारीनं विषय बदलायची! मला वाटायचं, हिला काही माहीत नाही.

आता हात दुखतो. उद्या उठून काय बोलणार ठाऊक नाही.

*

सोजर, काल इथवर लिहून थांबले होते. आज कार्यक्रम झाला. तुझ्या दारात मांडव होता, वंदना झाली, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या. फोटोत तू पदर डोक्यावर घेऊन गंभीर बसली आहेस. फोटोवाल्यानं हसू दिलं नसेल. चार जण बोलले. तुझ्या कष्टांबद्दल, तुझ्या लेकीच्या शिक्षणाबद्दल. मग सुनंदानं माझं नाव घेतलं.

मी उभी राहिले आणि सगळं लिहिलेलं विसरले. पिशवीतून तांब्या काढला. म्हटलं, "हा टाकीत मी सोडला होता. सोजर त्या टाकीवर कधी चढलीच नव्हती. मी चढले होते. विचारलं तेव्हा मी बोलले नाही." झालं. इतकंच होतं ते.

मग पुढच्या सतरंजीवरून केवळबाई बोलल्या. तुझ्या शेजारच्या, आता नव्वदीच्या असतील, डोळ्यांनी नीट दिसत नाही.

"आमाला मालूम हाय की, बाई."

"काय मालूम आहे?"

"म्हैस इकली त्याच दिशी सोजरनं सांगितलं. साऱ्या गल्लीला. म्हनली, वैनीनं सोडलाय, पर कुनी तिला ईचारू नका. ती सांगंल. तिच्या तोंडानं येऊ द्या."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. वाट बगत ऱ्हायलो."

चाळीस वर्षं मी त्या गल्लीतून गेले. लग्नांना गेले, बारशांना गेले, गमती सांगितल्या, सगळ्यांना हसवलं. आणि त्या सगळ्या बाया माझ्याकडं बघत हसत होत्या आणि वाट बघत होत्या. तू त्यांना गप्प बसवलं होतंस. तू माझी अब्रू झाकत नव्हतीस, सोजर. तू माझ्यासाठी जागा धरून ठेवली होतीस, आणि मी त्या जागेवर बसायला आलेच नाही.

सुनंदा उठली. तिनं माझ्या हातून तांब्या घेतला, आजीच्या नावावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता फोटोपुढं ठेवेल. तिनं तो कानाशी धरला आणि हळूच हलवला. तिला मी सांगितलं नव्हतं. म्हणजे तू कधीतरी सांगितलं असणार. मलाही ऐकू आलं: खसखस.

"वाळू कोरडी आहे, मावशी," ती म्हणाली. "आईचं झाळकाम सुटलं नाही."

मग तिनं तो फोटोपुढं ठेवला, आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

दहा दिवस, सोजर. मला फक्त दहा दिवस उशीर झाला.